पिवळा ठिपका

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा म्हणून मी कोणाच्या पाया पडणार नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडली आहे, आणि त्या घरातलं एक माणूस आज नाही. मला एवढा पुरावा पुरतो.

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही. वादळ नव्हतं, दिवे गेले नव्हते. रविवारची दुपार होती, अडीच वाजले होते आणि वर्कशॉपचा पत्रा उन्हाने कडकड वाजत होता. भुताला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, ट्रेलरच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. एकतीस वर्षं एकच काम. ट्रेलर ओढणारा पुढचा भाग असतो ना, इंजिन आणि केबिनचा, त्याला यार्डात घोडा म्हणतात. घोड्याच्या पाठीवर एक जाड लोखंडी प्लेट असते. तिच्या मधोमध खाच आणि खाचेत पोलादी जबडा. ट्रेलरच्या पोटाखाली मनगटाएवढी पिन लोंबते. घोडा मागे घेतला की पिन खाचेत शिरते आणि जबडा तिला धरतो. चाळीस टन माल त्या एका जबड्याच्या भरवशावर रस्त्याने धावतो.

हे जबडे झिजतात. ते बदलायचे, नीट बसवायचे, हे काकांचं काम. म्हणून यार्डात सगळे त्यांना ‘दातांचे डॉक्टर’ म्हणायचे. काकाही कमी नव्हते. ड्रायव्हर घोडा घेऊन आला की विचारायचे, “काय, पेशंटची दाढ दुखतेय का?”

आणि त्यांचा एक नियम होता. जबड्याने पिन धरली की दोन आवाज येतात. खट्... खटाक. पण काका आवाजावर कधी विसंबायचे नाहीत. ट्रेलर जरा उंच उभा असला तर पिन खाचेत शिरतच नाही, वरच टेकून राहते. खाली जबडा रिकामाच मिटतो. आवाज तेच येतात, जबड्याला जोडलेलं हँडल आत जातं, पुढे झटका दिला तरी ट्रेलर सुटत नाही, कारण वजनानेच बसलेला असतो. फरक फक्त खाली वाकून टॉर्च मारल्यावर कळतो.

म्हणून काका वाकायचे. पाहायचे. मग हँडलवर ब्रशने पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचे आणि ओरडायचे, “धरलं!”

तो शब्द ऐकल्याशिवाय एकही ड्रायव्हर गाडी हलवत नसे. आणि ऐकल्यावर कोणी खाली उतरून पाहतही नसे. डॉक्टरांनी पाहिलंय म्हटल्यावर आपण कशाला पाहायचं?

एकतीस वर्षांत काका एकदाच वाकले नाहीत.

त्या रविवारच्या अकरा महिने आधीची गोष्ट. गाडी ‘मास्तर’ची होती. मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, ड्रायव्हरच, पण सगळ्यांच्या चुका काढायचा म्हणून मास्तर. भारी उतावळा. केबिनमध्ये बसून दारावर आतून बोटांनी तीनदा ठोकायचा. टक्... टक्... टक्. आणि विचारायचा, “धरलं का डॉक्टर?”

त्या दिवशी काकांची कंबर धरली होती. सकाळपासून बसता-उठता येत नव्हतं. ते खांबाला टेकून उभे होते. दोन्ही आवाज आले. खट्... खटाक. हँडल आत गेलं. मास्तरने दारावर ठोकलं.

दोन पावलं चालून वाकायचं होतं. फक्त दोन पावलं.

काका खांबापाशीच उभे राहून ओरडले, “धरलं!”

तीन तासांनी, एका उतारावर मास्तरने ब्रेक मारला. घोडा थांबला. ट्रेलर थांबला नाही. तो घोड्याच्या पाठीवरून तसाच पुढे सरकला आणि केबिनमध्ये घुसला.

चौकशी झाली. काकांना विचारलं, पाहिलं होतं का? काका म्हणाले, पाहिलं होतं. ठिपका? दिला होता, अपघातात खरवडला गेला असेल. एकतीस वर्षं काम केलेला माणूस, त्याच्या शब्दाला वजन होतं. ड्रायव्हरनेच वाटेत कुठेतरी ट्रेलर सोडून पुन्हा चुकीचा जोडला असावा, असा निष्कर्ष निघाला. मेलेला माणूस काय उत्तर देणार?

मास्तरची बायको एकदा वर्कशॉपच्या दारात आली होती. फार काही बोलली नाही. एवढंच विचारलं, “भाऊ, तुम्ही पाहिलं होतं ना?”

“हो वहिनी,” काका म्हणाले. “पाहिलं होतं.”

हे सगळं काकांनी पुढे मला सांगितलं. त्या वेळी घरात कोणालाच माहीत नव्हतं, मावशीलासुद्धा नाही. तिला एवढंच दिसत होतं की हे हल्ली जेवताना मध्येच थांबतात आणि ताटाकडे बघत बसतात.

आता त्या रविवाराकडे येते.

माझी मावसबहीण, म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी. तिला मी ताई म्हणते. ताईचा नवरा, आमचे भाऊजी, त्याच यार्डात ट्रेलर चालवायचे. हसतमुख माणूस. ताईचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी, खऱ्या डॉक्टरांनी, दहा दिवस सांगितले होते. भाऊजींना एक शेवटची फेरी मारून बुधवारी परत यायचं होतं आणि मग महिनाभर सुट्टी घ्यायची होती.

आणि नेमकी त्यांच्या घोड्याची प्लेट गेली. झिजून खोलगट झाली होती, खाचेच्या कडेला केसाएवढा तडाही होता. अशा प्लेटवर गाडी नेणं म्हणजे विषाची परीक्षा. नवीन प्लेट यायला तीन आठवडे लागणार होते.

फोरमन म्हणाला, “भंगाराच्या कोपऱ्यात मास्तरच्या गाडीची पडलीये की. प्लेट ठणठणीत आहे. नवा जबडा टाका, नवी स्प्रिंग टाका, बसवून द्या.”

काकांनी त्या कोपऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

नाही म्हणता आलं असतं. पण का नाही, हे सांगावं लागलं असतं. प्लेटमध्ये दोष नव्हता, असं काकांनीच चौकशीत लिहून दिलं होतं. आता कोणत्या तोंडाने नको म्हणायचं? दगडाखाली स्वतःचाच हात स्वतःच घातला होता.

ते फक्त म्हणाले, “मीच बसवतो. दुसरं कोणी हात लावायचा नाही.”

रविवारी वर्कशॉप बंद. फाटकावर वॉचमन आणि आत काका, एवढेच. भाऊजी घोडा आत लावून, “बाबा, मी आंघोळ करून येतो,” असं सांगून ड्रायव्हरांच्या खोलीकडे गेले. काकांनी चेन-पुलीने जुनी प्लेट उतरवली आणि मास्तरची प्लेट डिझेलने धुवायला घेतली. अकरा महिन्यांचं काळं ग्रीस निघत गेलं.

हँडल स्वच्छ झालं.

त्यावर ठिपका नव्हता. खरवडल्याची खूणही नव्हती. कधी दिलाच नव्हता, तर कुठून असणार? काकांना ते माहीत होतं. तरी ते बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिले. मग चिंधीने ती जागा पुन्हा पुसली, जणू पुसून उगवणारच होता.

नवा जबडा. नवी स्प्रिंग. नव्या खिळ्या. सगळे बोल्ट नवे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, काका तर प्रत्येक बोल्ट तीन-तीनदा आवळत होते. प्लेट घोड्यावर चढली. मग त्यांनी परीक्षेची पिन घेतली. दांड्याला जोडलेली तशीच एक पिन असते, ती खाचेत सारून जबडा मिटतो का ते बघतात.

पहिल्यांदा सारली. खट्... खटाक.

दुसऱ्यांदा. खट्... खटाक.

तिसऱ्यांदा...

खट्.

काका थांबले. जबडा पूर्ण मिटलेला दिसत होता. पिन घट्ट. पण दुसरा आवाज आलाच नाही. ते कान देऊन उभे राहिले. पत्रासुद्धा वाजायचा थांबला होता.

आणि मग...

खटाक.

मागून आला. भंगाराच्या कोपऱ्यातून. जिथे ती प्लेट अकरा महिने पडून होती, तिथून.

काका वळले. कोपऱ्यात काही नव्हतं. जमिनीवर प्लेटच्या आकाराचा तेलाचा डाग तेवढा होता.

“उंदीर असेल,” ते मोठ्याने म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकून जरा बरं वाटलं, असं ते सांगतात. त्या आवाजाचं पुढे काय होणार होतं हे तेव्हा त्यांना कुठे ठाऊक होतं!

त्यांनी ग्रीसचा डबा उघडला.

टक्... टक्... टक्.

काकांच्या हातातून डबा सुटला.

केबिनच्या दारावर. आतून. बोटांनी.

भाऊजी परत आले असतील, असं स्वतःला समजावत ते पुढे गेले. पायरीवर चढून काचेतून पाहिलं. सीट रिकामी. भाऊजींचा शर्ट खिडकीला वाळत होता. आणि त्याच वेळी दूर ड्रायव्हरांच्या खोलीतून भाऊजींचं गाणं ऐकू आलं. आंघोळ करताना ते नेहमी गायचे, अगदी बेसूर.

काका पायरीवरून उतरले आणि तिथेच खाली बसले. त्या क्षणी काम सोडून द्यायला हवं होतं. भाऊजींना सगळं सांगून टाकायला हवं होतं. सांगायचं होतंच, असं ते म्हणतात. शपथ घेऊन म्हणतात.

भाऊजी केस पुसत आले. “झालं का बाबा? तुमची लेक सकाळपासून चार वेळा विचारतेय, निघालात का म्हणून. मी निघावं अशी इतकी घाई झालीये तिला!”

“जावईबापू,” काका म्हणाले, “आज नाही गेलं तर नाही का चालणार?”

“का? काही राहिलंय का?”

काकांनी तोंड उघडलं. एक वाक्य होतं. त्या दिवशी मी पाहिलं नव्हतं. एवढंच. पण समोर जावई उभा होता, लेकीचा नवरा, आणि तो त्यांच्याकडे असा बघत होता, जसं सगळं यार्ड त्यांच्याकडे बघायचं.

“नाही,” काका म्हणाले. “काही नाही राहिलं.”

ट्रेलर जोडायला घेतला. या वेळी काकांनी त्याचे पुढचे टेकूचे पाय स्वतः फिरवून उंची बसवली. जास्त नाही, उलट बोटभर खालीच. हाताने मोजली. पुन्हा मोजली. पिन वर टेकायला जागाच ठेवली नाही. भाऊजींनी घोडा हळूहळू मागे घेतला.

खट्... खटाक.

हँडल आत गेलं. भाऊजींनी पुढे झटका दिला. ट्रेलर हलला नाही. भाऊजींनी ट्रेलरचे पाय वर घेतले, हवेचे पाईप जोडले आणि केबिनमध्ये जाऊन बसले. “बघा बाबा, तुमचं एक्स-रेचं काम उरकून घ्या!”

पिवळ्या रंगाची डबी आणि ब्रश काकांनी खांबापाशी ठेवला होता. आधी पाहायचं, मगच रंग. टॉर्च घेऊन ते दोन पावलं चालले आणि वाकले. कंबरेत कळ आली. पार आडवे होऊन प्लेटच्या मागे डोकं घातलं आणि टॉर्च मारला.

जबडा मिटलेला होता.

रिकामा.

पिन वर होती. प्लेटच्या वर टेकलेली. असं होऊच शकत नव्हतं. उंची बोटभर खाली होती. स्वतः मोजली होती. पण समोर दिसत होतं ते दिसत होतं. मास्तरच्या दिवशी जे त्यांनी पाहिलं नव्हतं, तेच आता टॉर्चच्या उजेडात त्यांच्यासमोर होतं.

काकांनी ओरडायला श्वास घेतला. थांबा! खाली उतरा!

आवाज निघाला नाही.

घसा कोरडा पडला, भीतीने बोबडी वळली, तसं नव्हतं. ओठ हलत होते, छाती हलत होती. आवाज जागेवरच नव्हता.

आणि खांबापासून... जिथे कोणी उभं नव्हतं तिथून... स्वच्छ, खणखणीत...

“धरलं!”

काकांचाच आवाज.

त्याच दिवसाचा. कंबर धरलेल्या माणसाचा, शेवटी जरासा चिडलेला. काकांनी तो ओळखला. अकरा महिने रोज रात्री ते तोच ऐकत होते.

“निघतो बाबा!” भाऊजी ओरडले.

घोडा हलला. काका लोळत बाहेर आले, टॉर्च टायरखाली गेला. उठून ते धावले. दोन्ही हात हलवत, तोंड वासून, मुके. भाऊजींनी आरशात पाहिलं आणि खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. वॉचमनने फाटक उघडून धरलं होतं. डॉक्टर आज जावयाला निरोप द्यायला फाटकापर्यंत धावत आलेत हे बघून त्यालाही कौतुक वाटलं. त्यानेही हात हलवला.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

काकांनी वॉचमनच्या टेबलावरची वही ओढली आणि लिहिलं, ‘त्याला थांबव.’ अक्षरं कशीबशी आली. वॉचमनने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, ही शिस्त भाऊजींना काकांनीच लावली होती.

वॉचमनने मोटरसायकल काढली. काका मागे बसले. अकरा किलोमीटरवर रेल्वेचं फाटक आहे. ते बंद होत होतं म्हणून भाऊजींनी ब्रेक मारला होता.

पुढचं मी लिहीत नाही.

तिथे रस्त्यावर बसल्यावर काकांचा आवाज परत आला. आला तो किंचाळतच, असं वॉचमन सांगतो.

पुन्हा चौकशी झाली. या वेळी काकांनी सगळं खरं सांगितलं. मास्तरचंही सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. रविवारी मी पाहिलं, पिन धरलेली नव्हती, मी ‘धरलं’ म्हणालोच नाही, आवाज माझा होता पण मी नव्हतो. समोरच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. वॉचमनने शपथेवर सांगितलं, डॉक्टरांचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला, शंभर वेळा ऐकलेला आवाज आहे, चुकेन कसा?

आणि हँडलवर ठिपका होता.

पिवळा. गोल. जराही खरवडलेला नाही. फोटोत मी स्वतः पाहिलाय. खांबापाशी काकांचा ब्रश जसाच्या तसा मिळाला, कोरडा. डबीचं झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

नवव्या दिवशी ताईला मुलगी झाली.

मी तेव्हा त्यांच्या घरीच होते. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे. बाळाला घ्या म्हटलं तर हात मागे घ्यायचे. एका दुपारी ताई बाळाला मांडीवर घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसली. रडली नाही. तिचं रडणं संपलं होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “लोक काय वाट्टेल ते बोलतात. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्ही पाहिलं होतं ना?”

खोलीत मी होते, मावशी होती. काकांनी मान वर केली. मास्तरच्या बायकोला दिलेलंच उत्तर त्यांच्याजवळ होतं. तेव्हा ते खोटं होतं, हे ताईलाही कळलं होतं. आता खरं होतं.

“हो पोरी,” काका म्हणाले. “पाहिलं होतं.”

ताईने बाळाला उचललं आणि आतल्या खोलीत गेली. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी एक अक्षर बोललेली नाही. बाळ आता दीड वर्षाचं आहे.

काकांनी काम सोडलं. बोलणंही जवळजवळ सोडलं. ही सगळी हकिकत त्यांनी मला तुकड्या-तुकड्यांनी सांगितली, आणि सांगतानाही तो एक शब्द त्यांनी कधी तोंडाने उच्चारला नाही. तिथे आले की थांबायचे आणि मान हलवायचे. मीच समजून घ्यायचं.

मागच्या रविवारी मी मावशीकडे गेले होते. दुपारची वेळ. मावशी बाजारात गेली होती, ताई आतल्या खोलीत झोपली होती. काका माझ्यासमोर चहा पीत बसले होते. ताईची मुलगी नुकतीच चालायला लागलीये. ती आतून डुलत डुलत आली आणि दाराबाहेर पायऱ्यांकडे निघाली. वरच्या पायरीवर उभी राहून तिने मागे पाहिलं. कोणी धरतंय का बघत असावी.

मी उठणार, तेवढ्यात...

“धरलं!”

माझ्या मागून आला. रिकाम्या भिंतीकडून.

आणि पोरीने खुशाल पाय पुढे टाकला.

मी झेप घेतली, फ्रॉकचं टोक हाताला लागलं, म्हणून वाचली. तिला छातीशी धरून मी वळले. काका जागेवरच होते. कप त्यांच्या ओठांना लावलेला होता, तोंडात चहाचा घोट होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ताईला मी अजून काही सांगितलेलं नाही. काय सांगू? पायऱ्यांना लाकडी दार बसवून घेतलंय आणि कडी मी स्वतः वाकून पाहते.

पण पोर त्या आवाजाला ओळखते. ऐकला की हसते.